अदिसला निघण्यापूर्वी

औरंगपुरा,
छत्रपती संभाजीनगर

चि. समीर,

अदिस अबाबाच्या विद्यापीठाचं नेमणूकपत्र आल्याचं ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. ती मात्र धास्तावली आहे. तिच्या लेखी आफ्रिका म्हणजे एकच देश आणि तिथे रोज गोळीबार. मी तिथे शिकवायला होतो तेव्हाही घरात हेच चालायचं.

खरं तेवढं सांगतो. इथिओपियाच्या टिग्रे प्रांतात 2020 ते 2022 युद्ध झालं. अम्हारा प्रांतात 2023 पासून सैन्य आणि फानो बंडखोरांच्या चकमकी सुरू झाल्या. म्हणून अदिसबाहेर गाडीरस्त्याने भटकू नकोस. पोहोचल्यावर आपल्या दूतावासात नाव नोंदव. लालिबेलाही अम्हारातच येतं. अख्ख्या कातळात वरून खाली कोरलेली ती चर्चं पाहायची ओढ वेरूळच्या कैलासात खेळलेल्या पोराला लागणारच, पण सहकारी ‘आता जा’ म्हणेपर्यंत थांब. गेलास तर विमानाने जा आणि दारात बूट काढ.

अदिसमध्ये भीती आहे ती खिसेकापूंची, विशेषतः मर्काटो बाजारात. कुणी अंगावर काही सांडून पुसायला धावला, तर आधी खिशावर हात ठेव. पासपोर्ट खोलीत कुलपात ठेवून झेरॉक्स जवळ बाळग. डॉलर बँकेतच बदल, रस्त्यावर कितीही चढा भाव मिळो. पोलीस, सैनिक, सरकारी इमारती यांचे फोटो काढू नकोस. ड्रोन तर इथेच ठेवून जा. शहर 2,300 मीटरहून उंच आहे, पहिले काही दिवस जिने चढताना दम लागेल. घाबरू नकोस, सावकाश चाल.

घड्याळाचा घोळ मात्र नीट समजून घे. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. घरमालक ‘दोनला या’ म्हणाला तर आठला जा. वर्षाला तेरा महिने, आणि साल आपल्यापेक्षा सात-आठने मागे. करारावरची तारीख कुठल्या कॅलेंडरची, हे सहीआधी विचार.

जेवणाची काळजी करू नको म्हणावं ताईला. ऑर्थोडॉक्स लोक बुधवारी-शुक्रवारी उपास करतात, त्यात मांस, दूध, अंडी काही नाही. ‘येत्सोम’ माग, म्हणजे आंबोळीसारख्या इंजेरावर डाळी-भाज्या वाढून येतील. सगळे एकाच ताटात, उजव्या हाताने. यजमान स्वतः घास करून तुझ्या तोंडात भरवेल. त्याला गुरशा म्हणतात आणि तो नाकारणं म्हणजे अपमान. म्हणून शाकाहारी असल्याचं ताट येण्याआधीच सांग. कॉफी तीन वेळा देतात. पहिला कप संपवून उठलास तर यजमानीणबाई काही बोलणार नाहीत, पण पुन्हा बोलावणारही नाहीत.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. आपली काही मंडळी तिथे त्यांच्याच पगारावर जगून, त्यांच्यासमोर आपल्या भाषेत त्यांच्या रंगावर बोलतात. समोरच्याला कळत नाही हा भ्रम आहे, सूर कळतोच. तू त्या घोळक्यात बसू नकोस. कुणाला ‘तुझी जमात कुठली’ असंही विचारू नकोस, तिथे त्यावरूनच माणसं मेली आहेत. आणि तू तर संभाजीनगरचा. त्याच देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, 1610 मध्ये त्याने हे शहर खडकी म्हणून वसवलं, नहर बांधून पाणी आणलं. 1626 मध्ये गेला, खुलताबादला त्याची कबर आहे. निघण्याआधी एकदा जाऊन ये. तिथल्या विद्यार्थ्यांना सांगायला उपयोगी पडेल.

पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते. दाखला जन्मभर चालतो. तो नसेल तर परतताना मुंबईला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. तेव्हा याच आठवड्यात नंबर लाव आणि दाखल्याचा फोटो मला पाठव.

तुझा,
नानामामा