संशोधन-विद्यापीठांतील नोकरी : जाहिरात कशी वाचावी

वरच्या वर्गांतील मुलानें "मी शास्त्रज्ञ होणार" असें म्हटलें म्हणजे घरचीं वडील माणसें कौतुक करितात, पण थोड्याच वेळांत "मग पोट कशावर भरणार?" हा प्रश्न निघतोच. प्रश्न रास्त आहे. एका नामांकित संस्थेच्या उदाहरणानें त्याचा विचार करूं.

बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्था १९०९ सालीं स्थापन झाली. जमशेटजी टाटा यांची ती कल्पना. जमीन, ३७१ एकर, म्हैसूर संस्थानानें दिली. १९५८ सालीं तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अशा ठिकाणीं केवळ पंडितच लागतात, हा समज चुकीचा आहे. कांचेचीं उपकरणें घडविणारा कारागीर, लेथ चालविणारा, द्रवरूप नायट्रोजन पुरविणारा, ग्रंथपाल, हिशेबनीस यांवांचून प्रयोगशाळा एक दिवसही चालावयाची नाहीं.

जाहिरात हातीं येतांच आपली दृष्टि आंकड्याकडे धांवते. तिनें आधीं पदाचा प्रकार शोधावा. कायम पदापुढें छापलेला आंकडा बहुधा मूळ वेतनाचा असतो. सातव्या वेतन आयोगाच्या, २०१६ सालापासून लागू झालेल्या कोष्टकांत तिसऱ्या पातळीचें वेतन २१,७०० रुपयांपासून, तर या संस्थेंतील साहाय्यक प्राध्यापकाचें १,०१,५०० रुपयांपासून सुरू होतें. महागाईभत्ता व घरभाडेभत्ता त्यावर निराळे. म्हणून २१,७०० हा आंकडा पाहून नाक मुरडणारे पालक बरेचदां फसतात.

प्रकल्पावरील नेमणुकीचें गणित उलट आहे. तेथें बहुधा ठोक रक्कम मिळते. ती प्रथमदर्शनीं मोठी दिसते, परंतु अनुदान संपलें कीं नोकरीही संपते. यांत कोणाची लबाडी नाहीं. तसें छापलेलें असतें. आपणच तें वाचीत नाहीं.

तिसरा प्रकार विद्यावेतनाचा, आणि घरोघरीं खरा वाद येथेंच होतो. केंद्र सरकारनें १ जानेवारी २०२३ पासून ठरविलेल्या दराप्रमाणें पीएच.डी. करणाऱ्या कनिष्ठ संशोधकास पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७,००० व पुढें ४२,००० रुपये मिळूं लागले. हा पगार नव्हे. त्यावर महागाईभत्ता नाहीं, निवृत्तिवेतनाची तजवीज नाहीं, आणि पदवी मिळाल्यावर प्राध्यापकाची जागा मिळेलच अशी हमीही नाहीं. बरोबरीचा मित्र बँकेंत स्थिर होऊन घर बांधतो, तेव्हां हा अजून वसतिगृहांत असतो. ज्यास प्रयोगाची गोडी नाहीं त्यानें केवळ ह्या रकमेकरितां तिकडे जाऊं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. गोडी असेल, तर मात्र कुटुंबानें पांच-सहा वर्षांची तयारी ठेवावी. मुलगी असली तरी हाच न्याय. १९३३ सालीं कमला भागवत, पुढें सोहोनी, यांस स्त्री म्हणून ह्याच संस्थेंत प्रवेश नाकारण्यांत आला होता. त्या हटल्या नाहींत. प्रवेश मिळविला, आणि १९३९ सालीं केंब्रिजची पीएच.डी. झाल्या.

उत्तरायुष्याचें काय? १ जानेवारी २००४ पासून नव्यानें आलेल्यांस जुन्या पद्धतीचें निवृत्तिवेतन नाहीं. मूळ वेतन व महागाईभत्ता मिळून होणाऱ्या रकमेचा दहावा हिस्सा त्यांच्या निवृत्तिखात्यांत जमा होतो व संस्था आपला वांटा घालते. अध्यापक पासष्टाव्या वर्षीं निवृत्त होतात. आवारांत राहण्यास घर मिळालें तर प्रवास वांचतो. मात्र घरभाडेभत्ता तेव्हांपासून बंद होतो, हें पगाराचा हिशेब मांडतांना धरावें.