युरिक अ‍ॅसिड वाढलं म्हणून डाळ बंद करू नका



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. अंतर्गत कर्जाची मागणी चालू होती. एकीला बियाण्याला पैसे पाहिजे होते, एकीला मुलीच्या फीला. एक मावशी म्हणाल्या, "मला तीन हजार द्या, औषधाला." कसलं औषध, असं विचारलं तर त्यांनी पिशवीतून पावडरचा रिकामा डबा आणि रक्ताचा रिपोर्ट काढला. गावातल्या तपासणीत युरिक अ‍ॅसिड ६.८ आलं होतं. "अंगात विष साठलंय म्हणे. अजून तीन डबे घ्यायचेत. डाळ, पालक, शेंगदाणे सगळं सोडलंय. दोन महिने झाले, भाकरी आणि ठेच्यावर आहे."

त्यांचा रिपोर्ट हातात घेऊन वाचला. त्यातच वरच्या ओळीत हिमोग्लोबिन ८.९ लिहिलेलं होतं. बाईचं ते १२ च्या वर पाहिजे. त्याबद्दल मावशींना कुणीच काही सांगितलं नव्हतं.

म्हणून या अंकात हा विषय घेतला. मी डॉक्टर नाही. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून समजून घेतलं, तेच सोप्या भाषेत सांगते.

युरिक अ‍ॅसिड म्हणजे काय?

आपल्या शरीरातल्या पेशी रोज झिजतात आणि नव्या तयार होतात. त्या झिजेतून आणि थोडंफार खाण्यातून जो कचरा उरतो, त्यातलाच एक म्हणजे युरिक अ‍ॅसिड. ते सगळ्यांच्याच रक्तात असतं. त्यातलं बरंचसं मूत्रपिंड लघवीवाटे बाहेर टाकतं. हे काम कमी पडलं की रक्तातला आकडा वाढतो. बायकांमध्ये साधारण ६ पर्यंत ठीक धरतात. पाळी चालू असते तोवर शरीरातलं स्त्री-हार्मोन ते बाहेर टाकायला मदत करतं. पाळी गेल्यावर ही मदत कमी होते, म्हणून चाळिशी-पन्नाशीनंतर आकडा थोडा चढलेला दिसतो.

गैरसमज १: आकडा वाढला म्हणजे आजार झाला

आकडा वाढलेल्या बऱ्याच जणींना आयुष्यभर काही त्रास होत नाही. त्रास नसेल तर नुसत्या थोड्या वाढलेल्या आकड्यासाठी बहुतेक वेळा गोळी लागत नाही. मात्र बीपी, शुगर आणि मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी, कारण या गोष्टी बरेचदा बरोबरीने चालतात. बीपीच्या काही गोळ्यांनी, म्हणजे ज्यांनी लघवी जास्त होते त्यांनीही, हा आकडा वाढतो. तुम्हाला अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका.

गैरसमज २: गुडघा दुखतो म्हणजे युरिक अ‍ॅसिडच

युरिक अ‍ॅसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीला गाउट म्हणतात. ती ओळखता येते. बरेचदा रात्री अचानक एक सांधा, बहुतेक वेळा पायाच्या अंगठ्याचा, लाल होतो, सुजतो, गरम लागतो. चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. वर्षानुवर्षं हळूहळू वाढणारी, जिना चढताना जाणवणारी गुडघेदुखी ही बहुतेकदा सांध्याची झीज असते. दोन्ही हातांची बोटं सकाळी तासभर आखडत असतील तर ते संधिवाताचं लक्षण असू शकतं. दुखणं वेगळं, तर औषधही वेगळं.

गैरसमज ३: डाळ, पालक, टोमॅटो बंद करायचे

सगळ्यात जास्त नुकसान या गैरसमजाने होतं. डाळी आणि पालेभाज्या खाल्ल्याने गाउट वाढतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आपल्या ताटात प्रथिनं येतात ती डाळ, मटकी आणि शेंगदाण्यातूनच. तेच काढलं तर अशक्तपणा वाढणार आणि मजुरीला जाणं अवघड होणार. ज्यांना खरंच गाउट आहे त्यांनी काळीज, वजडी, तारली-बांगड्यासारखी मासळी, लाल मटण, गोड थंड पेयं आणि दारू कमी करावी. दारूतही बिअर जास्त वाईट. दूध, दही, ताक चालतं. कडक निर्जळी उपवासाने मात्र आकडा वाढतो, तो टाळावा.

गैरसमज ४: पावडर, व्हिनेगर, लिंबूपाण्याने ते साफ होतं

पाणी भरपूर प्यावं, हे खरं. (मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा.) पण साठलेलं युरिक अ‍ॅसिड लिंबाने किंवा व्हिनेगरने विरघळत नाही. "साइड इफेक्ट नाही" म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पावडरींमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. त्याने दोन दिवसांत बरं वाटतं, पण पुढे शुगर, बीपी वाढतं आणि हाडं ठिसूळ होतात. डब्यावर नीट माहिती नसेल, बिल मिळत नसेल तर घेऊ नका.

गैरसमज ५: दुखलं की गोळी घ्यायची, थांबलं की बंद

दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी रोज खाल्ली तर मूत्रपिंड बिघडतं, आणि युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकणारं तेच आहे. गाउट पक्का झाला असेल तर डॉक्टर अ‍ॅलोप्युरिनॉलसारखी रोजची गोळी देतात. ती पुष्कळ दिवस घ्यावी लागते. मधेच सोडली की ठणका परत येतो. गोळी सुरू केल्यावर पहिले काही महिने ठणका येऊ शकतो, म्हणजे गोळी लागू पडत नाही असं समजू नका. पण अंगावर पुरळ उठलं तर गोळी लगेच थांबवून दवाखाना गाठा. आणि शेजारणीची गोळी आपल्याला कधीच नाही.

त्या मावशींचं काय झालं?

गटाने ठरवलं, कर्ज नंतर, आधी तपासणी. आशाताई त्यांना आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. गुडघ्याची झीज निघाली. व्यायाम शिकवला, लोहाच्या गोळ्या फुकट मिळाल्या. आता त्या डाळ खातात. तीन हजारांचं कर्ज काढावंच लागलं नाही.

पुढच्या बैठकीत यावर बोला

१. आपल्या गटात कुणी रिपोर्ट बघून एखादा पदार्थ सोडला आहे का? कुणाच्या सांगण्यावरून?
२. मागच्या वर्षात औषधासाठी किती कर्ज काढलं? त्यातलं किती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर होतं?
३. आपल्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन किती आहे, प्रत्येकीने वाचून दाखवा.

कर्जाची वही आपण ओळ न् ओळ तपासतो. रिपोर्टही तसाच, सगळा वाचायचा. समजलं नाही तर आशाताईंना विचारा, मला विचारा. विचारण्यात लाज कसली?