डोळ्यात गॅस असताना

सुटलेला पडदा बसवण्यासाठी किंवा पडद्याच्या मधोमध पडलेले छिद्र बुजवण्यासाठी विट्रेक्टॉमीच्या, म्हणजे डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या, शेवटी डोळ्याच्या पोकळीत गॅस भरतात. पडदा जागच्या जागी धरून ठेवणे, एवढेच त्याचे काम. साधी हवा आठवड्याभरात विरते, सल्फर हेक्झाफ्लोराइडला साधारण दोन आठवडे लागतात, परफ्लुरोप्रोपेनला सहा ते आठ. यातले काय भरले आहे, हे घरी निघण्यापूर्वी विचारून कागदावर लिहून घ्यावे; पुढचा सगळा हिशेब त्यावर चालतो.

पट्टी निघाल्यावर जवळजवळ काहीच दिसत नाही. उजेड कळतो, समोर हललेला हात कळतो. शस्त्रक्रिया फसली, असे वाटून रुग्ण हबकतो ते इथेच. खरे तर भिंगातून गॅसमध्ये शिरताना प्रकाश नेहमीपेक्षा फार जास्त वळतो आणि प्रतिमा पडद्याच्या बरीच अलीकडे तयार होते. म्हणून मूळ भिंग शाबूत असलेल्या काही जणांना बोट डोळ्याच्या अगदी जवळ आणले, की त्यावरच्या रेषाही दिसतात!

गॅस विरेल तशी डोळ्यातल्या पाण्याने जागा भरू लागते. गॅस वर तरंगतो. पण पडद्यावरची प्रतिमा उलटी असल्याने रुग्णाला तो खाली दिसतो. नजर आधी वरच्या कडेला उघडते. घड्याळ दिसते, त्याखालचे टेबल दिसत नाही. मधली काळसर रेघ गवंड्याच्या पाणसळीसारखी: मान कशीही कलती करा, ती आडवीच राहते आणि चालताना डुचमळते. रेघ नजरेच्या मधोमध येते ते दिवस सर्वांत त्रासाचे. शेवटी खाली एक गोल ठिपका उरतो. मान खाली घातली, की तो नेमका मध्ये येतो. कधी फुटून दोन-तीनही होतात. एके दिवशी तो नाहीसा होतो. तोवर अंतराचा अंदाज चुकतो, चहा कपाबाहेर सांडतो, जिन्याची पायरी हुकते. गाडी चालवू नये.

हे सारे विचित्र असले, तरी घातक नाही. घातक गोष्टी दिसत नाहीत. उंचीवर हवेचा दाब घटतो, गॅस फुगतो आणि डोळ्यातला दाब इतका चढू शकतो की पडद्याचा रक्तपुरवठा थांबून दृष्टी कायमची जाते. म्हणून विमान पूर्ण वर्ज्य; महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी जायचे तर आधी डॉक्टरांना विचारावे. दुसऱ्या कुठल्याही शस्त्रक्रियेत, दाताच्यासुद्धा, नायट्रस ऑक्साइड दिले तर हाच धोका असतो.

उताणे झोपू नये. गॅस भिंगाला टेकून राहिला, तर मोतीबिंदू लवकर वाढतो आणि दाबही चढू शकतो. पालथे राहायला किती दिवस सांगितले आहे, ते डॉक्टरांच्या शब्दानेच पाळावे. शेजाऱ्याचा अनुभव इथे कामाचा नाही. डोळा ठणकू लागला, उलटी झाली, आलेली नजर पुन्हा गेली किंवा बाजूने सावली सरकू लागली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

गॅसची सूचना असलेला मनगटी पट्टा ठिपका पूर्ण जाऊन डॉक्टरांनी तपासेपर्यंत काढू नये.