काळी बेस गिटार निळी करता येईल का?

एका वाचकाचं पत्र आलं आहे. महाविद्यालयाच्या बँडमध्ये ते बेस वाजवतात. सेकंडहँड घेतलेली त्यांची काळी बेस गिटार कडांना खरचटली आहे, मागे पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे आहेत. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे स्प्रे पेंटचे डबे आणून ती घरीच निळी करावी, असा त्यांचा विचार आहे. पत्रातले प्रश्न इतरांनाही पडण्यासारखे आहेत, म्हणून एकेक घेऊ.

प्रश्न : स्प्रेच्या डब्याने गिटार रंगवणं म्हणजे जुगाड तर नाही ना? कारखान्यात वेगळाच रंग वापरत असतील.

उत्तर : जुगाड म्हणायचं, तर तो कारखान्यानेच आधी केला आहे. लिओ फेंडर यांच्या कॅलिफोर्नियातल्या फुलरटन इथल्या कारखान्यातून 1951मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आली. आजच्या बहुतेक स्वस्त बेस तिच्याच किंवा 1960च्या जॅझ बेसच्या वळणावर बनतात. पन्नासच्या दशकाच्या मध्याला फेंडरने जादा पैसे घेऊन खास रंग द्यायला सुरुवात केली, ते रंग मोटारींचे होते. ड्युपाँ कंपनीची ड्युको आणि ल्युसाइट ही मोटारींसाठीची लॅकर फेंडर वापरत असे. ‘लेक प्लॅसिड ब्लू’ हा प्रसिद्ध निळा रंग 1958च्या कॅडिलॅकवरून आला, तर ‘फिएस्टा रेड’ 1956च्या फोर्ड थंडरबर्डवरून. मोटारीच्या रंगाचा स्प्रे डबा गिटारवर वापरणं, हा त्याच परंपरेचा घरगुती अवतार आहे. फरक आहे तो स्प्रे गन आणि काँप्रेसरचा, आणि ती उणीव तुम्हाला सावकाशीने भरून काढावी लागेल.

प्रश्न : आधीचा काळा रंग पूर्ण खरवडून लाकूड उघडं करावं लागेल का?

उत्तर : नाही, आणि करूही नका. नवशिके इथेच सर्वांत जास्त घाम गाळतात आणि बहुतेक वेळा नुकसानही इथेच करून घेतात. आजच्या कारखानी गिटारवर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा जाड, काचेसारखा कडक थर असतो. रंग काढायचं रसायन त्याला फारसं बाधत नाही. हीटगनने तो फुगतो, पण सोबत लाकूडही करपू शकतं. हाताने घासायला बसलात तर कडांचा गोलवा बिघडतो आणि सपाट भागात खळगे पडतात. शिवाय स्वस्त गिटारची बॉडी अनेकदा चार-पाच तुकडे जोडून केलेली असते. ते सांधे काळ्या रंगाखाली झाकलेले आहेत, तेच बरं.

तो कडक थर जागेवर पक्का असेल, तर तुमच्या नव्या रंगाला त्यासारखा पाया दुसरा नाही. लाकडाची छिद्रं त्याने आधीच बुजवलेली आहेत. तुम्ही फक्त त्याची चमक मारायची. भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात ओलं केलेलं, घट्ट पिळलेलं फडकं फिरवून तेलकटपणा काढा. कोरडं झाल्यावर 320 नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून सगळी बॉडी एकसारखी मंद होईपर्यंत घासा. कुठेही चकाकणारा ठिपका राहिला, तर तिथे नवा रंग धरणार नाही. टवके उडाले असतील, तिथे गॅरेजमध्ये वापरतात ती हार्डनर मिसळायची लांबी भरा आणि वाळल्यावर सपाट करा.

रंग लाकडापर्यंत घासायची वेळ एकाच स्थितीत येते : जुना थर तडकून पोपडे सुटत असतील तेव्हा.

प्रश्न : सुटे भाग काढताना काय सांभाळावं?

उत्तर : तारा सैल करून काढा, मग मागचे चार स्क्रू सोडवून मान वेगळी करा. पिकअप, ब्रिज, नॉब, पट्ट्याच्या गुंड्या सगळं उतरवा. वायरिंगचे फोटो आधी काढून ठेवा आणि कोणता स्क्रू कुठला, ते कागदावर चिकटवून लिहा.

तीन जागा खास सांभाळायच्या. मान बसते ती खाच मास्किंग टेपने पूर्ण झाका. तिथे रंगाचे थर चढले तर मान घट्ट बसते, आणि जोर लावून बसवताना खाचेच्या कडेचा रंग तडकतो. पिकअप आणि नॉबच्या पोकळीत काळा किंवा तांब्याचा लेप दिसला तर तो विजेची घरघर रोखण्यासाठी असतो, तोही झाका. ब्रिजखालून एक बारीक अर्थची वायर बाहेर येते. तिच्या टोकावर रंग बसला तर ब्रिजशी संपर्क तुटतो आणि अँप्लिफायर गुणगुणत राहतो.

मानेच्या खाचेत, तिच्याच स्क्रूच्या भोकांतून, हातभर लांब लाकडी पट्टी बसवा. पकडायला मूठ होते आणि बॉडी तारेने टांगताही येते.

प्रश्न : दुकानात इतक्या प्रकारचे डबे असतात. कोणता घ्यावा?

उत्तर : रंगाच्या छटेआधी तो वाळतो कसा, हे विचारा. डब्यावर ‘लॅकर’ किंवा ‘अ‍ॅक्रिलिक’ लिहिलेला रंग बहुधा द्रावक उडून वाळतो. नवा थर खालच्या थराला किंचित विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो, म्हणून चूक दुरुस्त करणं सोपं जातं. ‘एनॅमल’ हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन घट्ट होतं. ते सावकाश होतं, आणि अर्धवट झालेल्या एनॅमलवर दुसरा थर मारला तर खालचा थर सुरकुततो. एनॅमलच्या डब्यावर ‘एका तासाच्या आत किंवा दोन दिवसांनंतर’ अशा धर्तीची सूचना असते, ती याचसाठी. तिसरा प्रकार ‘टू-के’, म्हणजे हार्डनर मिसळून कडक होणारा. तो सर्वांत टिकाऊ, पण त्यात आयसोसायनेट असतात. ते फुप्फुसांना घातक आहेत आणि दम्यासारखा कायमचा त्रास जडू शकतो. घरात त्याच्या वाटेला जाऊ नका.

एनॅमलवर लॅकर मारू नका. लॅकरचं तीव्र द्रावक खालचं एनॅमल उचलतं. प्रायमर (रंगाखालचं अस्तर), रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) तिन्ही एकाच कंपनीचे अ‍ॅक्रिलिक घ्या. एका बॉडीला 400 मिलीचा एक डबा प्रायमर, दोन डबे रंग आणि दोन-तीन डबे क्लिअर पुरतं. काळ्यावर निळा चढवायचा आहे, म्हणून प्रायमर राखाडी किंवा पांढरा असावा. पांढऱ्यावर निळा उजळ दिसतो, राखाडीवर गडद.

प्रश्न : प्रत्यक्ष मारायचा कसा?

उत्तर : डब्यातली गोळी खुळखुळायला लागल्यावर पुढे दोन मिनिटं हलवा. थंडीत डबा कोमट पाण्यात धरला तर फवारा बारीक येतो. गरम पाणी किंवा गॅसची शेगडी मात्र नाही, डबा फुटू शकतो. आधी पुठ्ठ्यावर हात बसवा.

अंतर 20 ते 30 सेंटिमीटर ठेवा. बटण बॉडीच्या बाहेर दाबायचं, हात एका गतीने सरळ न्यायचा आणि पलीकडे बाहेर गेल्यावरच सोडायचं. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. आधी कडा आणि शिंगांमधल्या खोलगट जागा, मग समोरची व मागची बाजू. पहिला थर इतका विरळ असावा की खालचं दिसत राहील. एकाच थरात झाकायला गेलात की ओघळ आलाच. ओघळ आला तर बोट लावू नका, पूर्ण वाळू द्या आणि मग घासून सपाट करा.

प्रायमरचे तीन थर, दोहोंमध्ये 10-15 मिनिटं. दुसऱ्या दिवशी 400 नंबरने हलकं घासा, धूळ पुसा. मग निळ्याचे तीन-चार थर. निळा मेटॅलिक असेल तर तो अजिबात घासू नका. त्यातले चमकीचे कण एका अंगाला वळतात आणि डाग पडल्यासारखं दिसतं. त्यावर थेट क्लिअरचे पाच-सहा थर द्या.

रंग मारल्यावर छोटे गोल खड्डे पडले, तर खाली सिलिकॉनचा अंश आहे असं समजा. गाडीच्या डॅशबोर्डचं किंवा फर्निचरचं पॉलिश कधीतरी गिटारवर मारलेलं असतं, त्याचा हा प्रताप. थांबा, वाळू द्या, घासा, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा आणि पुन्हा सुरू करा.

प्रश्न : आमचं घर मुंबईत, तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनीत केलं तर चालेल?

उत्तर : बाल्कनीपेक्षा गच्ची बरी, आणि कोणता महिना निवडता ते त्याहून महत्त्वाचं. लॅकरमधलं द्रावक झपाट्याने उडतं तेव्हा पृष्ठभाग गार पडतो. हवा दमट असेल तर बर्फाच्या पेल्याबाहेर पाणी साचतं तसं रंगावर बाष्प बसतं आणि क्लिअर दुधट होतं. रंगारी याला ब्लशिंग म्हणतात. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतची कोरडी सकाळ उत्तम. विदर्भातल्या मेच्या उन्हात उलटं होतं : थेंब बॉडीवर पोचायच्या आत वाळतो आणि हाताला खरखरीत लागतो. संध्याकाळी मारलेल्या ओल्या रंगावर चिलटं बसतात, तेव्हा सकाळच धरा. जमिनीवर आधी पाणी शिंपडलं की धूळ बसते.

डब्यातला दाबाचा वायू आणि द्रावक दोन्ही पेट घेतात. जवळ गॅस गिझर, शेगडी, समई, उदबत्ती, सिगारेट काहीही नको. साधा एन-95 मास्क रंगाचे कण अडवतो, वाफ नाही. सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क घ्या. घरात तान्हं बाळ किंवा दमेकरी असेल तर काम बाहेरच करा आणि वाळवायलाही बाहेरच ठेवा.

प्रश्न : पट्टे किंवा दोन रंग करायचे असतील तर?

उत्तर : रॉक गिटारवादक एडी व्हॅन हॅलेन यांची लाल-पांढरी-काळी गिटार आठवा. तो चमत्कार मास्किंग टेपचा होता. बॉडीवर टेपच्या पट्ट्या लावून वरचा रंग मारायचा, टेप काढली की खालचा रंग पट्ट्यांच्या रूपात उरतो. सुरुवातीला ती काळी-पांढरीच होती, 1979मध्ये त्यांनी पुन्हा टेप लावून लाल चढवला, आणि तो सायकलचा रंग होता. खालचा रंग पक्का वाळल्यावर टेप लावा, कडा नखाने दाबा, वरचा रंग अर्धवट ओला असतानाच टेप स्वतःकडे दुमडत काढा. पूर्ण वाळल्यावर ओढलीत तर कड फाटते.

प्रश्न : रंग झाला की लगेच जोडून वाजवता येईल?

उत्तर : हाताला कोरडा लागणारा रंग आतून मऊ असतो. त्या अवस्थेत ब्रिज कसला, तर ब्रिजचा ठसा रंगात उमटतो. अ‍ॅक्रिलिक लॅकरला किमान तीन-चार आठवडे टांगून ठेवा. ओळखायची खूण साधी : नाक जवळ नेऊन वास घ्या. थिनरचा वास येतोय तोवर द्रावक अजून बाहेर पडतं आहे.

वास पूर्ण गेल्यावर पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर घ्या : आधी 1000, मग 1500, शेवटी 2000. फवाऱ्यामुळे आलेली खडबड, जिला रंगारी ऑरेंज पील म्हणतात, ती यात निघते. कडांवर थर पातळ असतो, तिथे जेमतेम फिरवा. स्क्रूच्या भोकांत पाणी जाऊ देऊ नका, लाकूड फुगलं की भोवतालचा रंग तडकतो. शेवटी गाडीचं रबिंग कंपाउंड मऊ कापडाने. जोडताना भोकाच्या तोंडावरचा रंग पात्याने हलका खरवडा आणि स्क्रूला साबण लावा, म्हणजे टवका उडत नाही.

क्लिअर आरशासारखं आणि टिकाऊ हवंच असेल, तर निळ्यापर्यंतचं काम घरी करा आणि ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून टू-के क्लिअर मारून घ्या. त्याच्याकडे गन असते आणि अनुभवही. मात्र खालचा रंग कोणत्या जातीचा आहे, ते त्याला आधी सांगा.

प्रश्न : रंगामुळे आवाज बदलेल का?

उत्तर : तुमच्या गिटारच्या बाबतीत कानाला कळेल असा फरक पडणार नाही. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तारेचं वेटोळं. पोलादी तार थरथरली की त्या वेटोळ्यात वीज निर्माण होते, आणि तीच अँप्लिफायरकडे जाते. पोकळ लाकडी गिटारीत वरची पातळ फळी स्वतः थरथरते, तिथे रंगाच्या जाडीला महत्त्व आहे. भरीव बॉडीच्या बेसमध्ये तारा, पिकअपची उंची आणि तुमची बोटं यांचा वाटा कितीतरी मोठा.

प्रश्न : मग करावं की नाही?

उत्तर : बीटल्सचे बेसवादक पॉल मॅकार्टनी यांनी आपली लालसर रिकनबॅकर बेस 1967मध्ये रंगीबेरंगी करून घेतली आणि पुढे सगळा रंग काढून तिचं लाकूड उघडं केलं. गिटार त्यांची, मर्जी त्यांची. पण तुमच्याकडे कधी जुनी, मूळ रंगातली नामवंत बेस आली, तर तिला हात लावू नका. पुन्हा रंगवलेल्या जुन्या वाद्याची किंमत बाजारात साधारण निम्म्यावर येते. तुमच्या आताच्या सेकंडहँड काळ्या बेसला हा धोका नाही. पुढच्या महिन्यात कार्यक्रम असेल तर नुसत्या नव्या तारा चढवा आणि ओरखड्यांसकट वाजवा. महिना-दीड महिना गिटारवाचून निघत असेल, तर दिवाळी झाल्यावर जरूर रंगवा.