ओझे पाहून गाडी घ्यावी

ठाण्याहून भिवंडीला निघालो, की बाळकुम मागे पडते आणि खाडीवरचा पूल लागतो. पुलापलीकडे कशेळी. रस्त्याच्या कडेला फर्निचरची दुकाने आहेत. पुढे काल्हेर, पूर्णा, राहनाळ. जिकडे बघावं तिकडे गोदामे. गोदाम आले म्हणजे माल आला, आणि माल आला म्हणजे गाडी आली. म्हणून इथल्या पुष्कळ घरांत एक विचार चालतो. आपणही एक टेंपो घ्यावा.

विचार चांगला आहे. पण कोणता घ्यायचा? शेजाऱ्याने घेतला तोच? शेजाऱ्याचा माल वेगळा, आपला वेगळा. म्हणून आधी आपला माल पाहू.

सोफा आकाराने मोठा, पण वजनाने हलका. दोन-तीन सोफ्यांनी हौदा भरून जातो, तरी चाकांवर भार थोडाच पडतो. अशा मालाला लांब हौदा हवा. कापडाचे तागे किंवा फरशा यांचे उलट आहे. हौदा अर्धा रिकामा दिसतो, पण पाटे दबून जातात. अशा मालाला दणकट गाडी हवी.

2005 साली टाटांची एस ही गाडी आली. लोक तिला छोटा हत्ती म्हणतात. तिच्यात साधारण पाऊण टन माल जातो. ती अरुंद गल्लीतही वळते. महिंद्राच्या बोलेरो पिकअपमध्ये नमुन्याप्रमाणे 1300 ते 1700 किलो जातो. दोन्ही गाड्या चांगल्या. आपल्या कामाला कोणती, एवढेच ठरवायचे.

विकणारा म्हणेल, "दादा, कितीपण भरा, काही होत नाही." तेव्हा आपण गाडीचे कागद मागावेत. त्यात दोन आकडे असतात. समजा, भरलेल्या गाडीचे वजन 2800 किलो आणि रिकाम्या गाडीचे 1500 किलो लिहिले आहे. वजाबाकी केली की 1300 उरतात. पण हा सगळा माल नव्हे. चालक आणि हमाल मिळून 130 किलो धरा. मालासाठी 1170 किलोच राहिले.

जास्त भरले तर काय होते? ब्रेक दाबला तरी गाडी लवकर थांबत नाही. पावसात, पुलाच्या उतारावर, ही गोष्ट जिवावर बेतते. शिवाय 2019 साली कायदा कडक झाला. जादा भाराला 20,000 रुपये दंड आहे, आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी 2,000 रुपये.

कायद्याची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भरलेल्या गाडीचे वजन 3000 किलोपर्यंत असेल, तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाही. त्यापुढे लागतो.

आता पैशाचा हिशेब. समजा, महिन्याला 24 खेपा झाल्या. खेपेला 1,500 रुपये भाडे मिळाले. एकूण 36,000 झाले. डिझेलला 10,000, चालकाला 12,000, टायर, विमा आणि दुरुस्तीला 4,000 गेले. उरले 10,000. मोठ्या गाडीचा हप्ता 14,000 असेल, तर दरमहा 4,000 रुपये कुठून आणायचे? मंगळसूत्र गहाण पडते ते इथेच. पावसाळ्यात धंदा मंदावतो, पण हप्ता मंदावत नाही.

म्हणून आम्ही सांगतो, आधी महिनाभर भाड्याची गाडी लावून पाहा. खेपा मोजा. मालाचे वजन काट्यावर करून वहीत लिहा. वही काय सांगते ते घरात सर्वांनी बसून वाचा. मगच कर्जाच्या कागदावर सही करा, आणि तोही कागद पुरता वाचून.

सांगा पाहू
1. सोफ्याला कशी गाडी हवी? फरशीला कशी?
2. भरलेल्या गाडीचे वजन 2600 किलो, रिकाम्या गाडीचे 1400 किलो. गाडीत दोन माणसे, मिळून 140 किलो. माल किती भरावा?
3. तुमच्या घरच्या मालाचे एका खेपेचे वजन किती? काट्यावर करून वहीत लिहा.