माळ्यावरची भांडी आणि मोबाइलचा कॅमेरा

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते आहेत, दिवे आहेत, स्वयंपाकघरातली भांडी आहेत. दिनकर गंगाधर केळकरांनी रोजच्या वापरातल्या अशा वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि संग्रहाला लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं. तिथला अडकित्ता किती देखणा आहे ते कळतं. तो कुणाच्या हातात होता ते बहुधा कळत नाही. आपल्या घरातल्या वस्तूंबद्दल ते सांगणारी माणसं अजून आहेत. म्हणून मी घरातल्या वस्तूंचे फोटो काढायला घेतले. त्यातून शिकले ते असं :

१. पहिला फोटो जागेवरच. डबा फडताळात, समई देवघरात असतानाच काढावा. पांढऱ्या चादरीवर मांडली की वस्तू स्वच्छ दिसते, पण घर दिसत नाही.

२. मग चिंच. घासण्याआधी एक फोटो हवाच. पोचे, काळपटपणा, डाग दिलेली जागा यांवरून भांडं किती वापरलं गेलं ते समजतं.

३. नावावर तिरपा उजेड. भांड्यावर घातलेल्या नावाची, घासून घासून पुसट झालेली ठिपक्यांची अक्षरं समोरून वाचता येत नाहीत. खोलीत अंधार करून टॉर्च बाजूनं, भांड्याला जवळजवळ टेकवून धरा. ठिपक्यांच्या सावल्या पडतात आणि नाव उठून दिसतं. आमच्या पितळी डब्यावर आजीच्या मामांचं नाव असंच सापडलं. नावाशेजारी साल असेल आणि ते शकातलं असेल तर ७८ मिळवा : शके १८७० म्हणजे १९४८, आणि पौषानंतरची तिथी असेल तर १९४९.

४. फ्लॅश बंद. पितळ, काच आणि जर, तिन्ही चमकतात. खिडकीवर जुनं धोतर लावलं की उजेड मऊ होतो. तसबिरीच्या काचेत आपलंच प्रतिबिंब पडत असेल, तर मोबाइलमागे कुणाला तरी काळी शाल धरायला सांगा.

५. पैठणी तुकड्यातुकड्यांनी. पदर, काठ, रफू वेगवेगळे घ्या. पदराची उलटी बाजूही घ्या. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही तशीच दिसते. जुनं रेशीम टांगू नका, चादरीवर पसरा.

६. कागदाचे चारही कोपरे. पत्र असो वा मोडीतला दस्तऐवज, फोटो बरोबर वरून घ्यावा आणि पाठही सोडू नये. पोस्टकार्डावरचा शिक्का तारीख सांगतो.

७. हात हवाच. अडकित्त्याचे मी काढलेले सगळे फोटो एकीकडे आणि आत्यानं सुपारी कातरली तो छोटा व्हिडिओ एकीकडे. बोट कुठे ठेवायचं, सुपारी कशी फिरवायची, हे नुसत्या अडकित्त्याकडे पाहून कळत नाही. कातरता कातरता ती सासऱ्यांच्या पानाच्या तबकाबद्दल बोलू लागली. आम्ही विचारलं असतं तर ‘त्यात काय सांगायचं’ म्हणाली असती.

८. नोंद त्याच दिवशी. वस्तू कुणाची, कुठून आली, कुणी सांगितलं. काका आणि आत्या वेगवेगळं सांगत असतील तर दोन्ही लिहा, सांगणाऱ्याच्या नावासकट. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे जातात.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत भांडी माळ्यावरून उतरतील. ती पुन्हा वर चढवण्याआधी घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला शेजारी बसवा आणि एकेक भांडं त्यांच्या हातात द्या. कॅमेरा त्यानंतर सुरू करा.