व्हॉल्व्हचा प्रीअँप : खर्च नेमका कुठे करावा?

प्रश्न : घरी गाणं रेकॉर्ड करायला १२एएक्स७ व्हॉल्व्हचा माइक प्रीअँप बांधतो आहे. माइक डायनॅमिक आहे. दुर्मिळ जुने व्हॉल्व्ह आणि महागडे कपॅसिटर घ्यावेत का?

उत्तर : त्याआधी इनपुट ट्रान्सफॉर्मर घ्या आणि हात सैल सोडायचा तो तिथेच. डायनॅमिक माइकचा सिग्नल जेमतेम एक-दोन मिलिव्होल्टचा असतो. तो थेट ग्रिडवर दिला, तर व्हॉल्व्हची स्वतःची खरखर त्याच्या मानाने फार मोठी ठरते. १:१० चा ट्रान्सफॉर्मर तोच सिग्नल दहापट, म्हणजे २० डेसिबलने वाढवतो आणि स्वतःची खरखर जवळपास घालत नाही. म्यू-मेटलच्या डबीतला निवडा आणि पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून लांब बसवा. नाहीतर रेकॉर्डिंगभर घुमारा ऐकू येईल.

व्हॉल्व्ह हल्लीच्या उत्पादनातला चालेल. दोन-तीन घ्या, चालू असताना पेन्सिलीने हलकी टिचकी मारा आणि सर्वांत कमी टणटणणारा पहिल्या टप्प्याला लावा. प्लेटचा १०० किलोओहमचा रेझिस्टर मेटल फिल्मचाच हवा. जुन्या कार्बन कंपोझिशनच्या मोहात पडू नका. डीसी व्होल्टेज आलं की ते जास्त सळसळतात. कपलिंगला ४०० व्होल्टचा साधा पॉलिप्रॉपिलीन पुरतो. फिलामेंटला डीसी द्या.

आता कळकळीचं सांगणं. २८० व्होल्टच्या पुरवठ्यातला फिल्टर कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहतो आणि जिवावर बेतू शकतो. त्याच्या दोन टोकांत २२० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडा. तरीही आत हात घालण्याआधी दर वेळी मीटरने मोजाच.